आत्मा हरवलेला सॅम आणि मदिनेतला प्रश्न



आमच्या एलात शहराच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसले, म्हणजे डाव्या हाताला जॉर्डनचे अकाबा बंदर दिसते, उजव्या हाताला इजिप्तचा सिनाई, आणि अकाबाच्याही पलीकडे, हवा निवळ असेल त्या दिवशी, सौदी अरेबियाचे डोंगर दिसतात. १९७५ साली आम्ही मुंबईहून येथे आलो तेव्हा मी अठरा वर्षांची होते. तेव्हापासून हे डोंगर मी रोज पाहाते आहे. तेथे जाण्याचा योग मात्र आला नाही.

मागच्या पेसाहच्या सुटीत माझी मधली नात माझ्याकडे राहावयास आली होती. ती परिचारिका आहे. मोठ्या इस्पितळात रात्रपाळ्या करते. त्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर किनाऱ्यावर आली खरी, पण डोळे हातातल्या फोनवर. मी चाळीस वर्षे वर्गावर घालविली असल्यामुळे कोणी समोर बसून दुसरीकडे पाहू लागले, की माझ्या तोंडून प्रश्न निघतोच. मी विचारले, "काय पाहातेस एवढं?" ती म्हणाली, "आजी, एका माणसाचा आत्मा हरवलाय. आणि मला तो तसाच आवडतोय." ह्या एका वाक्यावर आमची त्या रात्री अकरा वाजेपर्यंत चर्चा चालली. प्रस्तुत लेख त्या चर्चेतून निघाला आहे. ज्यांच्या घरी अशी नातवंडे आहेत त्यांना तो उपयोगी पडावा.

मालिकेचे नाव 'सुपरनॅचरल'. अमेरिकेत ती २००५ पासून २०२० पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे चालली. तीनशे सत्तावीस भाग झाले. सॅम आणि डीन हे दोघे भाऊ जुन्या काळ्या मोटारीतून गावोगाव फिरतात आणि भुते, पिशाच्चे, रक्त पिणारे असल्या मंडळींचा बंदोबस्त करतात. मला स्वतःला असल्या गोष्टींची गोडी नाही. परंतु नातीने सांगितलेला प्रसंग ऐकून मी कान टवकारले. मे २०१० मध्ये दाखविलेल्या भागात धाकटा भाऊ सॅम जगाला वाचविण्यासाठी सैतानाला आपल्या अंगात घेऊन स्वतःच्या पायांनी पाताळातल्या पिंजऱ्यात उडी मारतो. सप्टेंबरमध्ये नवे पर्व सुरू झाले, तो सॅम परत आलेला! चेहरा तोच, आवाज तोच, आठवणी सगळ्या शाबूत, काम तर पूर्वीपेक्षा चोख. फक्त काहीतरी बिनसलेले आहे. तो झोपत नाही. त्याला कशाचे काही वाटत नाही. एका भागात रक्तपिपासू पिशाच्च त्याच्या सख्ख्या भावाला धरते, आणि सॅम बाजूला उभा राहून बघतो. त्यातून पिशाच्चांच्या अड्ड्याची माहिती मिळेल असा त्याचा हिशोब.

प्रेक्षकांना कित्येक आठवडे काही सांगितलेच नव्हते. कोणी म्हणे, सैतान अजून त्याच्या अंगात आहे. कोणी म्हणे, हा सॅम नव्हेच, त्याचे रूप घेतलेला दुसराच कोणी आहे. अखेर नोव्हेंबरमध्ये उलगडा झाला, की पिंजऱ्यातून शरीर तेवढे वर आले, आत्मा खालीच राहिला. मग प्रेक्षकांत दोन तट पडले. एक तट म्हणे, आमचा सॅम आम्हांला परत द्या, हा आम्हांला नको. ज्यांनी पाच वर्षे त्या दोन भावांच्या मायेसाठी मालिका पाहिली त्यांना फसविल्यासारखे झाले. दुसऱ्या तटाला हा नवा सॅम पसंत पडला. त्याला त्यांनी 'रोबोसॅम' असे टोपणनाव दिले. हा रडत नाही, घुटमळत नाही, बोलतो ते रोखठोक, आणि त्याच्या थंडपणात एक विनोदही आहे, असे त्यांचे म्हणणे. तिसरा वाद पुढे निघाला आणि तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. आत्मा नसताना सॅमने जी दुष्कृत्ये केली त्यांचा दोष कोणाचा? आत्मा परत आल्यावर सॅमने क्षमा मागावी काय? की ती कृत्ये त्याची नव्हेतच?

माझी नात दुसऱ्या तटातली. कारण विचारले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजी, त्या आठवड्यात माझा एक पेशंट गेला. सतरा दिवस मी त्याचं सगळं केलं होतं. तो गेला, मी चादर ओढली, आणि दहा मिनिटांनी शेजारच्या खाटेपाशी जाऊन हसून 'कसं वाटतंय?' असं विचारलं. घरी गेल्यावर दिवसभर झोप नाही. सॅमला असलं काही नाही. त्याला झोपच लागत नाही, आणि लागत नाही त्याचं दुःखही नाही. रात्रपाळीला असाच माणूस पाहिजे."

ह्यावर लगेच उपदेश करण्याइतकी मी अजाण नाही. मी शिक्षकाची जुनी युक्ती वापरली. म्हटले, "आधी शब्द नीट करू. त्याचं नेमकं काय हरवलं?"

वाचकांनी स्वतः करून पाहावे. 'त्याने आपला आत्मा गमावला' हे वाक्य मराठीत म्हणून पाहा, कानाला खटकते. आपण लहानपणी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकत आलो, की देह नाशवंत आणि आत्मा अमर. जो अमर तो हरवेल कसा? मराठीत माणसाचा जीव जातो, प्राण जातो, मन मरते, काळीज नसते. आत्मा मात्र स्वतः कोठे जात नाही, शरीर त्याला सोडावे लागते. आपल्या कोकणातल्या भुताखेतांच्या गोष्टी आठवा. तेथे माणसाला बाहेरचे काहीतरी धरते, म्हणजे एका देहात दोन होतात. झी मराठीवर २०१६ साली सुरू झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही सिंधुदुर्गातल्या वाड्याची मालिका इकडेही पुष्कळांनी पाहिली. तिच्यातही भीती ह्याच जातीची, घरात कोणी जास्तीचे आहे अशी. घरातला माणूस घरातच आहे आणि तरी एक कमी आहे, ही भीती निराळी.

इब्रीत मात्र तीन शब्द वेगवेगळे आहेत आणि माझ्या नातीला ते दूधभाकरीसारखे येतात. नेफेश, रुआख आणि नेशामा. नेफेश म्हणजे आपला जीव. तोरा सांगते की तो रक्तात असतो. म्हणूनच आपल्या आया मटण मिठात घालून रक्त निथळल्याखेरीज चुलीवर चढवीत नसत. रुआख म्हणजे वारा, श्वास, आणि माणसाचा हुरूप. नेशामा म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत फुंकलेला तो श्वास. सॅम चालतो, खातो, त्याला जखम झाली तर रक्त येते, तेव्हा नेफेश जागेवर आहे. बोलतो म्हणावे तर तेही उत्तम बोलतो. तलमूदात, सान्हेद्रिन ग्रंथात, रावा नावाच्या पंडिताने एक माणूस घडवून रब्बी झेराकडे पाठविल्याची कथा आहे. रब्बी झेरा त्याच्याशी बोलले, त्याने उत्तर दिले नाही, तेव्हा त्यांनी ओळखले की हा घडविलेला आहे, आणि त्याला मातीत परत पाठविले. सॅम त्या परीक्षेत सहज उत्तीर्ण झाला असता. म्हणजे नुसत्या बोलण्यावरून नेशामा ओळखता येत नाही. हल्ली यंत्रेसुद्धा बोलतात, त्यामुळे हे आपल्याला रब्बी झेरांपेक्षा लवकर समजते.

येथपर्यंत आल्यावर नातीने समोरच्या डोंगरांकडे हात केला आणि विचारले, "त्यांच्याकडे काय म्हणतात?"

हा प्रश्न विचारावा तो त्याच डोंगरांकडे पाहून. अरबीत नेफेशला नफ्स म्हणतात आणि रुआखला रूह. हिंदी सिनेमाच्या गाण्यांमुळे रूह हा शब्द आपल्यालाही परका नाही. त्या डोंगरांच्या पलीकडे दक्षिणेस तायमा, खैबर आणि मदिना ही गावे लागतात. एके काळी तेथे यहुद्यांची भरभक्कम वस्ती होती. मदिनेत, म्हणजे तेव्हाच्या यस्रिबमध्ये, कैनुका, नदीर आणि कुरैझा ह्या तीन मोठ्या टोळ्या होत्या. सातव्या शतकात त्यांची कशी वाताहत झाली तो इतिहास कडू आहे आणि आजचा विषय तो नव्हे. पण त्याच मदिनेतली एक छोटीशी हकीकत माझगावच्या सर एली कदुरी शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीने मला सांगितली होती. ती कोकणी मुसलमान, अलिबागकडची. तिचे दोन मामा जिद्दाला नोकरीस होते. तिच्या आजोबांनी ती हकीकत तिला हदीसच्या पुस्तकातून वाचून दाखविली होती.

हकीकत अशी. महंमद पैगंबर मदिनेच्या एका शेतातून खजुरीच्या काठीवर टेकत चालले होते. वाटेत काही यहुदी बसले होते. ते आपसांत म्हणाले, ह्यांना रूह म्हणजे काय ते विचारा. दुसरे म्हणाले, नको, भलतेच उत्तर यायचे. तरी एकाने विचारलेच. पैगंबर काही वेळ स्तब्ध उभे राहिले आणि मग कुराणातली आयत आली. तिचा आशय असा, की रूह ही परमेश्वराच्या हुकमातली गोष्ट आहे आणि तुम्हांला ज्ञान दिलेले आहे ते थोडेच.

मैत्रीण हे सांगून वर म्हणाली होती, "प्रश्न तुमच्या लोकांनी विचारला हो!" तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो. आज वाटते, त्यात हसण्यासारखे काय होते? प्रश्न विचारणे हा आपल्या लोकांचा धंदाच आहे. आणि उत्तरही मला पळवाटेचे वाटत नाही. आत्म्याची व्याख्या झाली नाही, ती कोणालाच जमलेली नाही. पण तो कोणाच्या मालकीचा, एवढे सांगितले.

मदिनेचे नाव निघाले म्हणून दुसरी, आपल्याच काळातली गोष्ट सांगते, कारण तीही दूरदर्शनाशी संबंधित आहे. अली हुसेन सिबात नावाचा लेबनॉनचा एक गृहस्थ बैरुतच्या शहरझाद ह्या उपग्रह वाहिनीवर भविष्य सांगत असे. प्रेक्षक फोन करीत, तो त्यांना पुढचे सांगे आणि तोडगे देई. असले कार्यक्रम आपल्याकडे पहाटेपासून चालतात, कोणाला त्याचे काही वाटत नाही. मे २००८ मध्ये तो यात्रेसाठी सौदी अरेबियात गेला. मदिनेत धार्मिक पोलिसांनी त्याला पकडले. नोव्हेंबर २००९ मध्ये मदिनेच्या न्यायालयाने जादूटोण्याच्या आरोपावरून त्याला देहान्ताची शिक्षा सांगितली. गुन्हा कोणता? पडद्यावर बसून अदृश्याविषयी बोलला, हा. जगभर ओरड झाली. पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा मान्य केली नाही आणि खटला पुन्हा चालवावयास सांगितले. कारण दिले ते असे, की त्याच्या कृत्यांनी दुसऱ्या कोणाला इजा झाल्याचे सिद्ध झालेले नाही.

तारखा पाहा. त्याच महिन्यात अमेरिकेतले प्रेक्षक सॅमच्या आत्म्यावर हातघाईला आले होते. एकीकडे आत्मा ही करमणूक, दुसरीकडे त्याच गूढ प्रदेशात बोट घातल्याबद्दल जिवंत माणसाच्या मानेवर तलवार. मी दोन्ही टोकांना भ्यायले. तरी त्या न्यायालयाने अखेर जो प्रश्न विचारला तो मला योग्य वाटतो. कोणाला इजा झाली काय? आता सॅमला तोच लावू.

सॅमने इजा केली आहे. पुढे आत्मा परत मिळाल्यावर, ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका गावी, आपण वर्षापूर्वी माणसांना आमिष म्हणून वापरले हे त्याला कळते. डीनचे म्हणणे असे, की तो तू नव्हतासच. सॅमला हे पटत नाही. प्रेक्षकांतही हाच तंटा.

आपल्या मिश्नात, बावा कम्मा ग्रंथात, ह्यावर दोन नियम आहेत आणि ते प्रथमदर्शनी एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पहिला नियम कडक आहे. बैलाने पहिल्यांदा शिंग मारले तर मालकाला अर्धी नुकसानभरपाई, कारण बैल असे करील हे ठाऊक नव्हते. पण माणूस नेहमीच सावध धरलेला आहे. जाणून केले काय, नकळत केले काय, जागेपणी केले काय की झोपेत केले काय, मोडले ते त्याने भरून द्यावयाचे. दुसरा नियम मऊ आहे. जो वेडा आहे, ज्याला समज नाही, आणि जे अजाण मूल आहे, त्यांनी कोणाला दुखापत केली तर त्यांच्याकडून भरपाई घ्यावयाची नाही. उलट त्यांना कोणी दुखापत केली तर त्याने मात्र भरावी.

मग सॅम कोणत्या रांगेत? नात म्हणाली, "वेड्यांच्या. त्याच्यात तो नव्हताच." मी म्हटले, नाही. वेड्याला समज नसते. सॅमला समज पुरेपूर होती. आपण काय करतो, त्याने कोणाचे काय होईल, सगळे तो बोटांवर मोजून सांगू शके. फक्त ते त्याला लागत नव्हते. न लागणे ही सूट नव्हे. तसे असते तर जगातल्या सर्व निर्दय माणसांना आपण मोकळे सोडले असते.

"पण आत्मा तर पिंजऱ्यात यातना भोगत होता! त्याने काय केलं?" हा तिचा मुद्दा बिनतोड होता. आणि हाच मुद्दा सुमारे अठराशे वर्षांपूर्वी अंतोनिनस नावाच्या रोमी बादशहाने रब्बी यहुदा हन्नासींना घातला होता असे तलमूद सांगते. बादशहा म्हणाला, शरीर आणि आत्मा दोघेही तुमच्या देवाच्या हातून सुटू शकतात. शरीर म्हणेल, पाप आत्म्याचे. पाहा ना, तो गेल्यापासून मी थडग्यात दगडासारखे पडून आहे. आत्मा म्हणेल, पाप शरीराचे. त्याला सोडल्यापासून मी पाखरासारखा हवेत फिरतो आहे.

रब्बींनी गोष्ट सांगितली. एका राजाची अंजिरांची बाग होती. पहिल्या बहराची अंजिरे लागली. राजाने दोन राखणदार ठेवले, एक पांगळा आणि एक आंधळा. पांगळा आंधळ्याला म्हणाला, अंजिरे फार छान दिसताहेत, मला खांद्यावर घे. तो त्याच्या खांद्यावर बसला, दोघांनी मिळून अंजिरे खाल्ली. राजा आला, विचारले, अंजिरे कोठे आहेत? पांगळा म्हणाला, मला चालावयास पाय आहेत का? आंधळा म्हणाला, मला दिसावयास डोळे आहेत का? राजाने काय केले? पांगळ्याला आंधळ्याच्या खांद्यावर बसविले आणि दोघांचा न्याय एकाच वेळी केला.

ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे आणि मुले नेहमी अंजिरांपाशी अडकतात. ह्या वेळी मात्र मला तिच्यात नवेच काहीतरी दिसले. राजा त्यांना वेगवेगळे विचारतो तोवर दोघेही खरे बोलत आहेत. खोटे एकही नाही. उत्तर मिळते ते एकावर एक बसविल्यावर. सॅमचेही तसेच. आत्मा परत आला तेव्हाच 'हे मी केले' असे म्हणणारा कोणी उरला. त्या गावात पाऊल टाकून त्याच्या छातीत जी कळ उठते, ती कळ हाच आत्मा परत आल्याचा दाखला. डीन त्याला मायेने सोडवू पाहातो, पण सॅम सुटू पाहात नाही. त्या मालिकेत मला तेवढे फार आवडले.

आता मी जे सांगणार आहे ते सांगू की नको असे मनात होते, पण त्याशिवाय हा धडा पुरा होत नाही.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला ताई म्हणत असू, अखेरची चार वर्षे माझ्या घरी होती. तिची स्मृती गेली होती. प्रथम नावे गेली, मग माणसे, मग घराचे दार कोणते तेही. भेटीला येणारे लोक दारात हळूच मला म्हणत, "आता ती ताई राहिली नाही हो." चांगल्या मनाने म्हणत. एका रात्री ती उठून बाहेर निघाली. ही नात तेव्हा परिचारिकेचे शिक्षण घेत होती आणि माझ्या मदतीला येऊन राहिली होती. तिने अडविले तेव्हा ताईने तिला असा धक्का दिला, की पोरगी दारावर आपटली आणि मनगट मोडले. मिश्ना ताईला केव्हाच मोकळी सोडते. आम्हीही सोडली. त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते.

पण सकाळी काय झाले? नात प्लास्टर घालून आली. ताईला रात्रीचे काहीएक आठवत नव्हते, ही मुलगी कोण तेही ठाऊक नव्हते. तिने तो पांढरा हात पाहिला, आणि तिचा चेहरा बदलला. जवळ जाऊन तिने तो हात आपल्या मांडीवर घेतला, त्यावर फुंकर घातली आणि म्हणाली, "कुणी गं केलं तुला असं बाळा? नाव सांग मला त्याचं." दिवसभर तिने तो हात सोडला नाही. दर दहा मिनिटांनी विसरे आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा फुंकर घाली.

सॅमला सगळे आठवत होते आणि पिशाच्च भावाला धरत असताना तो उभा राहून पाहात होता. ताईला काही आठवत नव्हते आणि ती फुंकर घालीत होती. मी नातीला विचारले, "आता तू मला सांग, 'ती राहिली नाही' असं कोणाविषयी म्हणायचं?" ती आपले मनगट चोळीत बसली. ते अजून थंडीत दुखते.

सॅमचा आत्मा परत आला ती कथा थोडक्यात सांगते, कारण तिच्यात आपल्यासाठी एक गंमत आहे. १० डिसेंबर २०१० च्या त्या भागाचे नाव 'अपॉइंटमेंट इन समारा'. डीन मृत्यूला भेटतो. मृत्यू म्हणतो, माझी अंगठी एक दिवस घाल, माझे काम तू कर, मग बघू. एका बारा वर्षांच्या मुलीची वेळ भरलेली असते. डीनला दया येते आणि तो तिला सोडून देतो. पण त्यामुळे जी परिचारिका तिच्या शस्त्रक्रियेला थांबावयाची ती लवकर घरी निघते आणि रस्त्यात अपघाताने मरते. ह्या ठिकाणी माझी नात नेहमी पडदा थांबविते, असे ती म्हणाली.

समाराचे नाव आले ते सॉमरसेट मॉमच्या १९३३ च्या नाटकातल्या कथेवरून. बगदादचा एक नोकर बाजारात मृत्यूला पाहून घाबरतो, धन्याचा घोडा घेऊन समाऱ्याला पळतो, आणि मृत्यूची त्याच्याशी गाठ नेमकी समाऱ्यालाच ठरलेली असते. अमेरिकन कादंबरीकार जॉन ओहारा ह्याने पुढच्याच वर्षी ते नाव आपल्या कादंबरीला दिले. पण मूळ कथा आपल्या घरची आहे. तलमूदाच्या सुक्का ग्रंथात ती सुलेमान राजाच्या नावाने येते. मृत्यूचा दूत उदास दिसतो. राजा कारण विचारतो. दूत म्हणतो, तुझे दोन चिटणीस माझ्याकडून मागितले आहेत. राजा त्यांना वाचविण्यासाठी लूझ शहरी पाठवितो, जेथे मृत्यूचे काही चालत नाही, आणि ते दोघे लूझच्या वेशीवरच मरतात. दुसऱ्या दिवशी दूत हसत येतो, म्हणतो, मला ते जेथे हवे होते तेथेच तू पाठविलेस. मुसलमानांत हीच कथा रूमीच्या मसनवीत आहे आणि तेथे तो घाबरलेला माणूस सुलेमानाकडे काय मागतो? वाऱ्याला सांगून मला हिंदुस्थानात पोहोचव! आणि मृत्यूही त्याला हिंदुस्थानातच गाठणार असतो. आपल्या देशाची ख्याती अशी, की मृत्यूपासून पळणाऱ्यालाही तोच आठवावा.

तर मृत्यू सॅमचा आत्मा आणतो. सॅमला तो नको असतो. इतक्या यातना भोगून आलेला आत्मा आत घेणे म्हणजे आपला नाश, असे तो ओरडून सांगतो, आणि त्यात तथ्य असते. मृत्यू त्याच्या मनात एक भिंत बांधून देतो, तिच्याआड सगळे दुःख ठेवतो आणि सांगतो, ती खरवडू नकोस.

नात म्हणाली, "म्हणजे बघ. आत्म्याबरोबर दुखणं आलंच."

मी नाही म्हटले नाही. एकच गोष्ट दाखविली. आत्मा नव्हता तेव्हा सॅमला झोप नव्हती, हे लेखकांनी कोठून घेतले कोण जाणे, पण आपल्या शास्त्राप्रमाणे ते अगदी बरोबर आहे. आपले पंडित झोपेला मृत्यूचा साठावा हिस्सा म्हणतात. रात्री निजताना आपण आत्मा परमेश्वराकडे ठेव म्हणून ठेवतो, थकलेला, चुरगळलेला. सकाळी तो परत देतो. सराफाकडेसुद्धा ठेवलेला दागिना आपण दिला त्याहून चकाकून येत नाही, पण ही ठेव ताजी होऊन येते. म्हणून डोळे उघडल्याबरोबर, हात धुण्याच्याही आधी, 'मोदे अनी' म्हणावयाचे. त्सफातच्या रब्बी मोशे बेन माखीर ह्यांच्या सोळाव्या शतकातल्या पुस्तकात ते प्रथम सापडते. ज्याच्यापाशी ठेवावयास काही नाही तो झोपेल कशाला? दुकानात जाऊन रिकाम्या हाताने उभे राहाण्यासारखे ते. तुला त्या दिवशी झोप आली नाही, कारण त्या सतरा दिवसांच्या माणसाला तू अजून हातातच धरून बसली होतीस. त्यालाही त्या ठेवीत घालावयाचे होते.

ती बराच वेळ समोर पाहात होती. अंधार पडल्यामुळे सौदीचे डोंगर दिसेनासे झाले होते. पलीकडच्या काठावर दिवे तेवढे लुकलुकत होते.

मग म्हणाली, "आजी, मी रात्रपाळी करून सकाळी नऊला निजते आणि दुपारी चारला उठते. तेव्हा मोदे अनी म्हटलं तर चालतं का?"

मी म्हटले, "तुला तो केव्हा परत मिळतो?"

"चारला."

"मग चारला म्हण."